लाइन क्लिअर

आमचे बार्शीचे काका मोबाईलवर आलेला ओटीपी आधी वहीत उतरवून घेतात. मग चष्मा पुसतात, एकेक आकडा मोठ्यानं वाचतात आणि तोवर त्या ओटीपीची मुदत संपते. मग दुसरा येतो. तोही वहीत. काम झालं की तांबड्या पेन्सिलीनं आकड्यावर काट मारून शेजारी वेळ टाकतात.

"काका, तो एकदा वापरला की मेला. लिहून काय करायचंय?" असं मी एकदा म्हणालो. चालत्या गाडीच्या दारात पाय सोडून बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेला म्हणूनच काट मारायची. मेलेल्याची नोंद नको?"

काका सदतीस वर्षं रेल्वेत होते. त्यातली बहुतेक एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांवर मास्तरकी करण्यात गेली. तसं बार्शीकराच्या रक्तात रेल्वे असतेच. जी.आय.पी.ची मोठी लाइन आमच्या गावाला न विचारता कुर्डुवाडीवरून निघून गेली होती. त्या स्टेशनला नाव मात्र 'बार्शी रोड' दिलं. म्हणजे लग्न कुर्डुवाडीचं आणि पत्रिकेत नाव आमचं! पुढे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फूट रुंदीचे रूळ टाकले आणि 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. ती 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत पोचली. मोठ्या गाडीचा डबा या रुळांवर येणं शक्य नव्हतं. त्यामुळे कुर्डुवाडीला माणसं उतरायची, पोती उतरायची आणि पुन्हा चढायची. दोन जाळी एकमेकांना जोडणं म्हणजे काय, ते आम्ही हमालाच्या पाठीवर पाहिलेलं आहे. 2008 मध्ये आमची लाइनही रुंद झाली आणि ही उतरंड-चढंड संपली.

गेल्या दिवाळीत माझा मुलगा पुण्याहून बार्शीला आला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो नेमकं काय करतो हे मला पाच वर्षांत समजलेलं नाही. चारचौघांत मी "कंप्युटरचं करतो" असं सांगून विषय फराळाकडे वळवतो. पण काकांनी त्याला सरळ विचारलं, "तू करतोस काय रे?"

"आजोबा, एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे काम मागतो. समजा, तुम्ही फोनवर तिकीट काढलं, तर तिकिटाचा प्रोग्रॅम बँकेच्या प्रोग्रॅमला हाक मारतो. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नसतात. मग आधी, तू कोण, मी कोण, हे ठरतं. ते पटलं की टोकन मिळतं. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ते दाखवायचं. टोकन नाही तर काम नाही."

काकांनी हातातली चकली खाली ठेवली. "टोकन? आमचंच की!"

आणि मग आम्हा दोघांची शाळा भरली. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून शेजारशेजारच्या दोन स्टेशनांत एकेक यंत्र असे. दोन्ही विजेनं एकमेकांशी बांधलेली. आधी घंटीचा ठोका. एक म्हणजे 'लक्ष द्या', दोन म्हणजे 'लाइन मोकळी आहे का?', सहा म्हणजे 'थांबा, धोका'. पलीकडच्या मास्तरानं होकार दिला तरच यंत्रातून पोलादी गोळा बाहेर पडे. तो ड्रायव्हरच्या हातात पडला, की मग गाडी पुढे. तो पलीकडच्या यंत्रात जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघणार नाही म्हणजे नाही. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून आणला, तर तो या यंत्रात शिरतच नसे. न थांबणाऱ्या गाडीसाठी तो पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवत, आणि धावत्या इंजिनातला माणूस ते कडं हातात झेलून घेई.

"आणि यंत्र बिघडलं तर?" मुलानं विचारलं.

"प्रायव्हेट नंबर!" काका म्हणाले. प्रत्येक मास्तराकडे छापील आकड्यांचा कागद, तोही त्याच्याच ताब्यात. कुणाला दाखवायचा नाही. फोनवर 'लाइन क्लिअर' दिली, की त्यातला एक आकडा सांगायचा, पलीकडच्यानं तो वहीत लिहायचा आणि आपण आपल्या कागदावर त्याच्यावर काट मारायची. तो आकडा पुन्हा वापरायचा नाही.

मुलगा थक्क होऊन म्हणाला, "आजोबा, हा तर ओटीपी!"

त्यानंही मग आपली पोथी काढली. अमेरिकेतल्या एम.आय.टी.त 1980 च्या दशकात अशीच एक पद्धत केली होती. एकदा ओळख पटली की मुदतीचं तिकीट मिळायचं. तिला पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडी ग्रीक कुत्र्याचं नाव दिलं होतं, केर्बेरॉस. आमच्या दत्तमहाराजांजवळ चार कुत्री आहेत, पण त्यांनी कधी कुणाचं तिकीट तपासल्याचं ऐकिवात नाही.

काका एकदम गंभीर झाले. "एका पावसाळ्या रात्री यंत्र बंद होतं. पलीकडचा मास्तर माझ्या रोजच्या बोलण्यातला. म्हणाला, 'सोड गाडी', आणि नंबर सांगायच्या आत फोन तुटला. मी चाळीस मिनिटं गाडी धरून ठेवली. ड्रायव्हर येऊन भांडला. म्हणाला, 'आवाज ओळखलात ना?' मी म्हटलं, ओळखला. म्हणूनच भीती वाटते. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवायला हात फार शिवशिवतो रे."

हे ऐकलं तेव्हा मला मागच्याच नोव्हेंबरमधला प्रसंग आठवला. पेन्शनरानं दर वर्षी 'मी जिवंत आहे' असा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून तो अंगठा टेकवूनही देता येतो. पण काकांचा अंगठा शहाऐंशी वर्षांचा, झिजून गुळगुळीत झालेला. सहा वेळा टेकवला, सहाही वेळा यंत्र नाही म्हणालं. काउंटरवरचा पोरगा आमच्याच आळीतला. तो कळवळून म्हणाला, "मी ओळखतो हो काका तुम्हाला, मशीन ओळखत नाही!" मी तिथं आवाज चढवणार, तेवढ्यात काकांनी माझा हात दाबला.

"त्याच्यावर ओरडू नकोस. नंबर मिळाल्याशिवाय त्यानं गाडी सोडू नये." आणि मग त्या पोराकडे वळून, अगदी मास्तरी आवाजात म्हणाले, "पण बाळ, यंत्र बिघडलं तर काय करायचं, हेही नियमात लिहिलेलं असतं. ते पान काढ."

त्यानं ते पान काढलं. आता चेहरा दाखवूनही दाखला देता येतो म्हणे. त्यानं फोन काकांसमोर धरला आणि म्हणाला, "काका, डोळे मिचकवा." काकूच्या हयातीत चारचौघांत जे कधी केलं नाही, ते काकांनी भर ऑफिसात केलं. फोनला पटलं, माणूस जिवंत आहे.

घरी आल्यावर त्यांनी वही उघडली, तांबडी पेन्सिल घेतली आणि तारीख-वेळ टाकून लिहिलं, 'लाइन क्लिअर. पुढील नोव्हेंबरपर्यंत.'