रायगड : जोत्यांवरची राजधानी

रायगडावर येणारा प्रवासी धापा टाकीत वर पोहोचतो न पोहोचतो तोच टकमक टोकाची चौकशी करू लागतो. कड्याच्या कडेशी उभे राहून दरीत डोकावले आणि हिरकणीची कथा एकदा ऐकली, की गड पाहिल्याचे समाधान त्याला लाभते. या हौसेला माझी हरकत नाही. परंतु कडे सह्याद्रीत पुष्कळ आहेत, आणि दुर्गमतेचेच बळ पाहू गेल्यास हा गड 1689 साली मोगलांच्या आणि 1818 साली इंग्रजांच्या हाती गेलाच. म्हणून माझ्या मते रायगडाचे खरे नवल त्याच्या कड्यांत नसून, दफ्तर, दरबार, बाजार, टाकसाळ आणि देवालय यांसह एक नांदते नगर त्या कड्यांच्या माथ्यावर चढविले गेले, यात आहे.

मूळचा हा रायरीचा डोंगर जावळीकर मोऱ्यांच्या अमलात होता. 1656 साली जावळी पडल्यावर चंद्रराव मोरे याच डोंगराच्या आश्रयास आला, आणि वेढ्यानंतर रायरी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. सभासदाच्या बखरीत महाराजांनी या स्थळाची तुलना दौलताबादेशी करून रायरीला झुकते माप दिल्याचे वर्णन आहे. मात्र उंचीखेरीज आणखी एक कारण नकाशा उघडताच ध्यानी येते, ते असे की आधीच्या राजधानीच्या, राजगडाच्या, मानाने ही जागा कोकणच्या बंदरांना जवळची होती, आणि आरमार, जंजिऱ्याचा सिद्दी व मुंबईकर इंग्रज यांच्यावर नजर ठेवू इच्छिणाऱ्या राजास घाटमाथ्याआड बसून चालण्यासारखे नव्हते. बांधकामाचे काम हिरोजी इंदुलकराकडे सोपविले गेले. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि वैशाखात ठणठणाट अशा या माथ्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. तो गंगासागर, कुशावर्त, हत्ती तलाव आणि कातळात खोदलेली टाकी यांनी सोडविला, तेव्हाच वर राज्य बसणे शक्य झाले.

बालेकिल्ल्याबाहेर होळीच्या माळापलीकडे बाजारपेठेची जोती समोरासमोर दोन सरळ रांगांत उभी आहेत. मधला रस्ता ऐसपैस आहे, आणि जोत्यांच्या उंचीवरून घोड्यावर बसल्याबसल्या सौदा करता यावा अशी ही योजना होती, असे गडावर सांगतात; ते खरे असो वा नसो, आखणीतला नेटकेपणा कोणत्याही दंतकथेची वाट पाहत नाही. बालेकिल्ल्यात राजसभेचे सुमारे 220 फूट लांब आणि 124 फूट रुंद प्रांगण आहे. नगारखान्याच्या दारी हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी ऐकू येतो, याची प्रचिती आजही घेता येते.

येथेच ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, शके 1596, म्हणजे 6 जून 1674 रोजी, गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली महाराजांना राज्याभिषेक झाला. राज्याबरोबर राज्याची भाषाही नवी व्हावी या हेतूने पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत झाला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करण्यात आला. कागदोपत्री फारसी मागे हटली खरी, पण लोकांच्या जिभेने आपला जुना वहिवाटीचा हक्क सोडला नाही, आणि प्रस्तुत लेखकालाही दफ्तर व दरबार यांवाचून हा लेख लिहिता आलेला नाही.

त्या समारंभास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनास गेलेले असल्याने त्याला आरंभी पायथ्याच्या पाचाडास तिष्ठावे लागले. पुढे दरबारात त्याने सोनेरी भाल्यांवर लावलेली मत्स्यशीर्षे आणि न्यायाचे चिन्ह असा तराजू पाहिला. दाराशी उभे हत्ती पाहून मात्र, ही जनावरे असल्या वाटेने वर आलीच कशी, या विचाराने तो चकित झाला. याच मुक्कामाची एक गोष्ट फ्रायर या इंग्रज प्रवाशाने नोंदली आहे. गडावरच्या खिचडीने इंग्रज पाहुण्यांचे भागेना, म्हणून त्यांना रोज बोकडाचे मांस पुरविले जाई. कित्येक वर्षांत झाली नव्हती एवढी विक्री या मूठभर माणसांमुळे झाल्याचे पाहून ते पुरविणारा वृद्ध खाटीक, आपली ही गिऱ्हाइके दिसतात तरी कशी, हे पाहण्यासाठी मुद्दाम गड चढून आला. राजधानीत माणसे कशी राहत होती हे मला अभिषेकाच्या वर्णनापेक्षा या खाटकाच्या कुतूहलातून अधिक उमगते.

अभिषेकानंतर अकराव्या दिवशी, 17 जून रोजी, जिजाबाईंचे पाचाडास निधन झाले. त्यांचा वाडा आणि समाधी तेथे पायथ्याशी आहे. 3 एप्रिल 1680 रोजी महाराज गडावरच निवर्तले. 1689 साली संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज वेढ्यातून निसटले, नोव्हेंबरात गड झुल्फिकारखानाच्या हवाली झाला, येसूबाई व बाळ शाहू कैदेत गेले, आणि राजधानीपण पंधरा-सोळा वर्षांत आटोपले. 1733 साली मराठ्यांनी तो पुन्हा घेतला. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत लाकडी इमले भस्मसात झाले. जोती तेवढी उरली. पुढे दीर्घकाळ गडावरच्या महाराजांच्या समाधीवर रान माजले, 1896 साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने तेथे उत्सव भरला, आणि लोकांची पावले गडाकडे वळू लागली.

जगदीश्वराच्या देवळापाशी एका पायरीवर, सेवेस तत्पर असल्याचे सांगत, हिरोजीने आपले नाव कोरून ठेवले आहे. राजधानी उभारणाऱ्याने स्वतःसाठी मागितलेली जागा तेवढीच. 1996 साली रज्जुमार्ग झाला आणि काही मिनिटांत माथा गाठता येऊ लागला, ही वृद्धांची मोठी सोय झाली. मात्र हा पाळणा प्रवाशाला मेणा दरवाजाच्या अंगाला, राणीवशाकडच्या खाजगी बाजूने आत सोडतो. ज्या महादरवाजाच्या दोन थोराड बुरुजांच्या कवेतून ऑक्झिंडेन आणि तो खाटीक आत आले, तो दरवाजा त्याला दिसतच नाही. निदान उतरताना तरी पायऱ्यांनी उतरावे.