बाळंतविड्याचे बारा दिवस

मुलाचा जन्म झाल्यावर आजी, मावशी, आत्या, मामी आणि शेजारच्या स्त्रिया बाळ व बाळंतीण यांच्यासाठी जो घरी तयार केलेला अहेर नेतात, त्याला मराठीत बाळंतविडा म्हणतात. त्यात झबले, टोपडे, कुंची, दुपटे, लंगोट, बाळोती, मोहरीची उशी, पुढच्या काळात लोकरीचे पायमोजे व स्वेटर, आणि बाळंतिणीसाठी लुगडे, नारळ व डिंकाचे लाडू असा ऐवज असे. ही रीत महाराष्ट्रभर आढळते. तरीही तिचा इतिहास बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात तपासण्यासारखा आहे, कारण अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे जे दोन भाग पाडले आहेत, त्यांपैकी एकात कापूस पिकतो व विकला जातो आणि दुसऱ्यात थंडी पडते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट, काळ्या जमिनीचा पट्टा म्हणजे लोकांच्या बोलीतले ‘घाटाखाली’. चिखली, मेहकर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरचे खुद्द बुलढाणा म्हणजे ‘घाटावर’. इंग्रज अंमलातील अधिकाऱ्यांना बुलढाणा वऱ्हाडातील थंड ठिकाण म्हणून आवडे, हे कौतुक जुन्या दप्तरांत सापडते; त्याच थंडीत बाजेखाली शेगडी ठेवून तान्ह्या मुलाला जपणाऱ्या घरांची बाजू मात्र दप्तरात आलेली नाही.

बाळंतविड्याचे वैशिष्ट्य त्यातील वस्तूंपेक्षा त्याच्या मुदतीत आहे. जन्मानंतर साधारण दहा दिवस सोयर, म्हणजे जननाशौच, पाळले जाई. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाईची पूजा होई, कारण त्या रात्री ती बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहिते असा समज होता. आणि बाराव्या दिवशी बारसे, म्हणजे नाव ठेवण्याचा व पाळण्यात घालण्याचा विधी केला जाई. काही घराण्यांत मुलाचे बारसे तेराव्या दिवशी करीत, पण मुदतीच्या हिशेबात त्याने फारसा फरक पडत नसे. बाळाने बारशाला नवी कुंची घालून पाळण्यात जायचे, हे ठरलेले होते. खरी अडचण पुढेच होती, कारण जन्माआधी बाळासाठी नवे कापड फाडू नये, नवे कपडे शिवून ठेवू नयेत, असा संकेत बहुतेक घरांत कसोशीने पाळला जाई. ज्या कामाला सवडीने तीन-चार महिने मिळू शकले असते, ते काम या संकेतामुळे बारा दिवसांत कोंबले गेले.

या संकेताला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण त्यामागचा अनुभव कठोर होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे दोनशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळासारख्या वर्षांत तर गावेच्या गावे हवालदिल झाली होती. न वापरलेले नवे झबले घरात उरणे म्हणजे काय, हे ज्या घरांना ठाऊक होते, त्यांनी ते आधी न शिवण्याचा नियम केला असेल तर त्यात नवल नाही. या नियमाला एक पळवाटही ठेवलेली होती. बंधन नव्या कापडावर होते, जुन्यावर नव्हते. आजीच्या विरलेल्या लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची फडकी धुऊन, घडी करून, गाठोड्यात बांधून ठेवायला कोणाची हरकत नसे. उलट दीर्घायुषी माणसाच्या अंगावरचे कापड बाळाला लागावे, हे शुभच मानले जाई. शिवाय शेकडो धुण्यांनी मऊ झालेल्या सुती कापडाइतके तान्ह्या कातडीला मानवणारे दुसरे काही नव्हते, त्यामुळे श्रद्धा आणि सोय यांचे येथे चांगलेच जमले.

मुदतीचा परिणाम वस्तूंच्या घडणीवरही झालेला दिसतो. ज्याचे माप घेता येत नाही आणि जो महिन्याभरात मापाबाहेर जाणार आहे, अशा माणसासाठी घाईने शिवायचे असल्यामुळे बाळंतविड्यातील जुन्या वस्तू जवळपास सगळ्याच बिनमापाच्या आहेत. झबले पाठीवर उघडे असून नाड्यांनी बांधायचे असते, लंगोट गाठीवर बसतो आणि दुपट्याला माप लागतच नाही. कुंची हा तर या युक्तीचा उत्तम नमुना होय. एका लांबट चौकोनी कापडाची वरची कड दुमडून, मागच्या बाजूने चुण्या घालून शिवली की डोक्यावर बसणारी टोपी तयार होते आणि उरलेले कापड पाठीवरून थेट टाचांपर्यंत सुटे लोंबते. हनुवटीखाली बंद बांधला की डोके, कान आणि पाठ एकाच वस्त्राने झाकली जातात, आणि बाळ आठ दिवसांचे असो की आठ महिन्यांचे, कुंची अडत नाही. मापे वीत आणि बोटे यांत सांगितली जात. रोजच्या कुंचीला जुन्या लुगड्याचे कापड चाले. बारशाच्या कुंचीला खण किंवा रेशमी काठाचा तुकडा, कडेने झालर, क्वचित जरीची किनार आणि कपाळावर मोती लावीत. एकटी बाई एका दुपारी कुंची उभी करू शके, आणि झालर लावायला दुसरी बसली तर दिवेलागणीच्या आत काम हातावेगळे होई.

दुपटे मात्र एका दुपारी होत नसे. नऊवारी लुगड्याचे धड राहिलेले भाग निवडून त्यांचे दोन-तीन पदर एकावर एक अंथरायचे, सुरकुती राहू नये म्हणून कोपऱ्यांवर वजन ठेवून ते ताणायचे, लांब टाके घालून पदर तात्पुरते जोडायचे, आणि मग कडेपासून आत आत सरकत धावदोऱ्याने, म्हणजे कापडात सुई वरखाली घालत जाणाऱ्या सरळ टाक्याने, एकात एक चौकोन भरत मध्यापर्यंत यायचे, असा तो क्रम असे. ही मोठ्या वाकळीचीच, म्हणजे गोधडीचीच, लहान आवृत्ती. फरक एवढाच की बाळाच्या अंगाला गाठ टोचू नये म्हणून दोऱ्याची गाठ पदरांच्या आत लपवावी लागे. चारही बाजूंनी चार जणी बसल्या तर काम चौपट वेगाने होई, आणि ही सोय चौकोनी रचनेतच होती. घाईच्या कामाचे वाटप करता यावे, अशी वस्तूची ठेवण असणे हे हस्तकलेच्या इतिहासात वाटते तितके सामान्य नाही.

या जुन्या कापडाचा पुरवठा एकोणिसाव्या शतकात पार बदलला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही सुमारे तेरा किलोमीटरची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. खामगाव तेव्हा वऱ्हाडातील कापसाची सर्वांत मोठी पेठ होती. मात्र ते आणि जळगाव हे दोन तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात मोडत, हे ध्यानात ठेवावे लागते. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात रेल्वेकडून असलेली अपेक्षा मोकळेपणाने मांडली होती: विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त मिळू लागले की विणकरांचे हात शेतीकडे वळतील, आणि निर्यातीला अधिक कापूस मिळेल. घडलेही तसेच. सूतकताई घराघरांतून गेली आणि माग मोडले.

या पडझडीत बाळंतविड्याचे हातकाम टिकले, आणि याचे कारण भावनिक नसून आर्थिक आहे. गिरणीने नवे कापड स्वस्त केले, पण जुने, विरलेले कापड कोणतीही गिरणी विकत नव्हती. ते घरातच वापरून तयार व्हावे लागे. गिरणीच्या पातळ, एकसारख्या सुताचे लुगडे जाड्याभरड्या कापडापेक्षा लवकर मऊ पडे, आणि लुगडी पूर्वीपेक्षा लवकर बदलली जाऊ लागल्याने गाठोड्यात फडकीही जास्त साठू लागली. मँचेस्टरने वऱ्हाडच्या विणकराचा धंदा बुडवला आणि वऱ्हाडच्या आजीच्या दुपट्याला कच्चा माल पुरवला, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

हे काम करायला वेळ कोणाला होता, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन संक्रांतीपर्यंत चाले आणि ती प्रामुख्याने स्त्रियांच्या हातची होती. म्हणजे ज्या महिन्यांत बाळाला उबेची सर्वाधिक गरज, त्याच महिन्यांत हात शेतात अडकलेले असत. त्यामुळे मजुरी करणाऱ्या घरांत दुपटे शिवणे हे दिव्याच्या उजेडातले, आणि बहुधा वेचणीला जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांचे काम ठरले. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने हा भार मुलीच्या आईवर पडे. सासरकडून यायचे ते बारशाला आत्या घेऊन येई, आणि बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचाच असल्याने तिने आणलेल्या कुंचीकडे सगळ्यांचे लक्ष असे. अहेराची ही तुलना नेहमी निर्मळ असेच असे नाही. बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या दुटप्पीपणाचा जो हिशेब मांडला, तो मोठ्या प्रश्नांचा होता. स्त्रियांच्या रात्रीच्या या बिनमोल श्रमाचा हिशेब पुढेही फारसा कोणी मांडला नाही.

लोकरीचे विणकाम या रिवाजात उशिरा आले. लोकर स्वतः जिल्ह्याला नवी नव्हती, कारण धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी सर्वत्र वापरात होती. पण घोंगडी मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात, त्यामुळे ती अंथरायला चांगली असली तरी बाळाच्या अंगाला टोचते. दोन सुयांवर टाके घेऊन विणण्याची आणि क्रोशाच्या आकडीने जाळी करण्याची कला मिशनरी बायका, मुलींच्या शाळा आणि १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांतील शिवण-विणकामाचे वर्ग यांच्या वाटेने मराठी मध्यमवर्गात पसरली. १९३० मध्ये किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाल्यानंतरच्या काळात मराठी मासिकांतून विणकामाचे नमुने छापून येऊ लागले, आणि ही बाब महत्त्वाची आहे, कारण धावदोरा पाहून शिकता येतो, पण ‘दोन सुलट, दोन उलट’ अशा ओळींनी लिहिलेला नमुना वाचता यावा लागतो. म्हणून लोकरीचा बाळंतविडा प्रथम वकील, शिक्षक आणि कचेरीतील नोकरवर्ग यांच्या घरांत दिसला, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठाण्याला असा वर्ग होताच.

विणकामाने जुन्या अडचणीला नवे उत्तर दिले. विणलेले कापड ताणले जाते. मनगटाला आणि कमरेला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी घातली की ती आखडते आणि बाळ वाढेल तशी सैल होते, त्यामुळे माप न घेताही वस्तू अंगाशी बसते. पायमोजा घोट्यापर्यंत विणून तेथे भोकांची एक ओळ ठेवीत आणि तीतून पिळाची दोरी ओवून टोकांना लोकरीचे गोंडे लावीत, कारण तान्हे मूल पाय झाडून कोणताही मोजा काढून टाकते. वेगाच्या बाबतीत मात्र लोकर सुईदोऱ्याला हरत असे. एक स्वेटर चौघींना एकदम विणता येत नाही. फार तर एकीने पाठ, दुसरीने बाह्या घ्यायच्या, पण प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असल्याने टाके एकसारखे पडत नाहीत आणि जोडताना एक बाही आखूड निघते. बारा दिवसांची मुदत या कलेला मुळातच तोकडी पडत होती.

त्यामुळे लोकरीचे काम दुसऱ्या मुदतींकडे सरकले. बाळाची पहिली संक्रांत ही त्यांतली एक होय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही होणाऱ्या बोरन्हाणात, म्हणजे हलव्याचे दागिने घालून बाळावर बोरे, चुरमुरे ओतण्याच्या विधीत, एरवी बाळाला वर्ज्य मानलेला काळा रंग आवर्जून घालतात. घाटावर तेव्हा थंडी असतेच, म्हणून काळ्या झबल्यावर घालायचा स्वेटर त्या दिवसापर्यंत सुईवरून उतरला पाहिजे, असा नेम धरता येई. दुसरीकडे प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्यावर डॉक्टर अंदाजे तारीख सांगू लागले, बालमृत्यू घटले, आणि जन्माआधी नवे काही न करण्याचा संकेत हळूहळू सैल झाला. पुढे १९७० च्या दशकानंतर ॲक्रिलिकची लोकर सर्वत्र मिळू लागली; ती स्वस्त होती, घरी धुता येई आणि टोचत नसे, त्यामुळे घाटाखालच्या उष्ण गावांतही लोकरीचा संच बाळंतविड्यात आला, मग तिथे तो वर्षातून जेमतेम महिनाभर वापरला गेला तरी चालेल.

तयार कपड्यांच्या बाजाराने या ऐवजातील वस्तू एकदम नेल्या नाहीत. ज्यांना माप आहे, बाही-गळा आहे आणि ज्यांच्या शिवणीत सफाईला किंमत आहे, त्या झबले, स्वेटर, मोजे या वस्तू आधी दुकानात गेल्या, कारण कारखान्याला मापांच्या श्रेणीतच फायदा असतो. दुपटे आणि कुंची त्यांच्यामागून गेली आणि अजून पुरती गेलेली नाहीत: कुंचीला माप नसल्याने तिच्यात कारखान्याला फारसे कमावता येत नाही, आणि दुपट्याला लागणारे विरलेले लुगडे त्याला विकत मिळत नाही. या दुसऱ्या वस्तूपुढे आता वेगळीच अडचण उभी आहे, कारण नऊवारीची जागा सहावारीने आणि सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. असे पातळ कितीही धुतले तरी मऊ पडत नाही आणि घाम टिपत नाही, म्हणून दुपट्यासाठी नवी सुती मलमल विकत आणून ती आधी आठ-दहा वेळा धुऊन घेण्याचा प्रघात पडला आहे.