कोरोनाकाळ : शहरात जागा नव्हती, गावात दवाखाना

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. "घरातच राहा, अंतर ठेवा" हा सल्ला सगळ्यांना एकच. घरं मात्र सारखी नव्हती. धारावीत जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये लाखो लोक, शौचालयं सामायिक. अंतर ठेवायचं कुठे? मालेगावात यंत्रमाग थांबले आणि मजुरांची रोजीही.

मुंबईत दफनाचा प्रश्न सर्वांत जास्त जिव्हारी लागला. ३० मार्चला महापालिकेने कोरोनाच्या सर्व मृतदेहांचं दहन करण्याचं परिपत्रक काढलं. ओरड होताच त्याच दिवशी ते बदललं. वांद्र्याच्या कब्रस्तानांत दफन नको, अशी याचिकाही झाली. दफनातून कोरोना पसरतो याला शास्त्रीय आधार नाही, म्हणून २२ मे रोजी मुंबई हायकोर्टाने ती फेटाळली. तरीही अनेक जनाजे मोजक्याच माणसांत उठले, कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही.

कोकणातल्या गावांत कब्रस्तानाला जागा होती. तिथे भीती मुंबईहून येणाऱ्यांची. आपलीच पोरं, पण आधी चौदा दिवस शाळेत! गावाची खरी परीक्षा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत झाली. चाचणीला तालुका गाठायचा, ऑक्सिजनच्या खाटेसाठी जिल्हा, गाडीभाडं वेगळंच.

लशीचंही तसंच. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची केली. नेटवर्कसाठी टेकडीवर चढणाऱ्यांनी ती करायची कधी? शहरातले लोक मोबाईलवर नंबर लावून गाडीने गावच्या केंद्रावर लस घेऊन जात आणि गावकरी रांगेतच. जागेवर नोंदणीची सोय नंतर झाली.