पोंवळ्यांची माळ

इ. स. १९७३ च्या मार्च महिन्याच्या २६ व्या तारखेस, जमेका बेटावरील समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका टेकडीवर, लहानशा घरांत, इंग्लंडचे नामांकित नाटककार, नट व संगीतरचनाकार सर नोएल कॉवर्ड यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ७३ वर्षांचें होतें. लंडन व न्यूयॉर्क येथील रंगभूमि या गृहस्थांनीं अर्धशतकभर गाजविली होती. शब्दांची धार, हजरजबाबीपणा आणि नागर सभ्यतेचा दिमाख यांबद्दल त्यांची ख्याति होती. अशा पुरुषाच्या उशाशीं अखेरच्या दिवसांत जें पुस्तक होतें, तें मुलांसाठीं लिहिलेलें होतें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेलें 'दि एन्चँटेड कॅसल', म्हणजे 'मंतरलेला वाडा', हें तें पुस्तक. आणि त्याच्या कर्त्या ईडिथ नेस्बिट. बालपणीं जडलेला एका लेखिकेचा लोभ मनुष्याला मरणाच्या दारापर्यंत कसा सोबत करतो, याचें हें उदाहरण मोठें मनोवेधक आहे. मात्र या लोभाचा आरंभ एका चोरीनें झाला, हेंहि आरंभींच सांगितलें पाहिजे.

ईडिथ नेस्बिट यांचा जन्म १५ ऑगस्ट १८५८ रोजीं लंडनच्या केनिंग्टन भागांत झाला. वडील शेतकी रसायनशास्त्राचे जाणते असून त्यांची स्वतःची शेतकी पाठशाळा होती. परंतु मुलीला चार वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते वारले. पुढें मोठ्या बहिणीच्या क्षयामुळें हवापालटासाठीं आई मुलांना घेऊन गांवोगांव हिंडली. १८८० सालीं ह्यूबर्ट ब्लँड यांच्याशीं ईडिथबाईंचा विवाह झाला. संसार मांडतो न मांडतो तोंच पतीला देवी आल्या, भागीदारानें धंद्यांतला पैसा लाटला आणि घरांत तान्हें मूल! बाईंनीं शुभेच्छापत्रें रंगविलीं, पद्यें व गोष्टी लिहून मासिकांच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आणि घर चालविलें. १८८४ सालीं स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या पहिल्या मंडळींत हें जोडपें होतें. बर्नार्ड शॉ त्या संस्थेंत आले. पुढें हिंदुस्थानांत येऊन १९१७ सालीं राष्ट्रसभेचें अध्यक्षपद भूषविणाऱ्या ॲनी बेझंट याहि कांहीं वर्षें तिच्या सभासद होत्या.

ज्या पुस्तकांनीं नेस्बिटबाईंचें नांव राहिलें, तीं मात्र चाळिशी उलटल्यावर लिहिलेलीं आहेत. आईविना वाढणारीं सहा भावंडें घराची गेलेली लक्ष्मी परत आणण्यासाठीं गुप्तधन शोधूं लागतात, ती 'ट्रेझर सीकर्स'ची कथा १८९९ सालीं प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षीं त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा घशाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर दगावला. त्या दुःखानंतरहि लेखणी थांबली नाहीं. थांबवून चालण्यासारखें नव्हतें. १९०२ सालीं 'फाइव्ह चिल्ड्रेन अँड इट', १९०४ सालीं 'दि फीनिक्स अँड दि कार्पेट', १९०६ सालीं 'दि रेल्वे चिल्ड्रेन' अशीं एकामागून एक पुस्तकें निघालीं. यांपैकीं जादूच्या कथा बहुधा 'स्ट्रँड' मासिकांतून महिन्याला एक प्रकरण याप्रमाणें प्रथम छापल्या जात व एच्. आर्. मिलर या चित्रकाराचीं चित्रें त्यांना शोभा आणीत.

या कथांत नवें असें काय होतें? त्यापूर्वींच्या इंग्रजी बालवाङ्‌मयांत उपदेशाचा भरणा फार असे. सुशील मुलाला बक्षीस आणि खोडकराला शासन, हा ठराविक निकाल. नेस्बिटबाईंचीं मुलें भांडतात, भुकेनें कासावीस होतात, पैशापैशाचा हिशेब करतात आणि मोलकरणीच्या शिव्याहि खातात. जादूचा प्रवेश होतो तोहि याच घरगुती जगांत, आणि त्या जादूला व्यवहाराचे कडक नियम असतात. वाळूंत सांपडलेला एक चमत्कारिक प्राणी मुलांची इच्छा पुरी करतो, पण ती टिकणार सूर्यास्तापर्यंतच. मुलें लोकोत्तर रूप मागतात. परिणाम असा कीं घरची मोलकरीण त्यांना ओळखत नाहीं आणि जेवण अंतरतें. मुलें सोनें मागतात. खाण भरून मोहरा मिळतात, पण त्या जुन्या काळच्या असल्यामुळें कोणी दुकानदार त्या घेत नाहीं. बोध यांत आहेच. परंतु तो लेखिका सांगत नाहीं, मुलांच्या फजितींतून तो आपोआप उमटतो. मुलाशीं बरोबरीच्या नात्यानें बोलणारी ही लेखणी मुलांनीं तत्काळ ओळखली.

अशा मुलांपैकींच नोएल एक. त्याचा जन्म १६ डिसेंबर १८९९ रोजीं लंडननजीकच्या टेडिंग्टन गांवीं झाला. वडील पियानोंच्या विक्रीवर पोट भरणारे, मिळकत बेताची. पुढें घर चालविण्यासाठीं आईला भाडोत्री ठेवावे लागले. अकरा वर्षांच्या वयांत, १९११ च्या जानेवारींत, मुलगा रंगभूमीवर उभा राहिला. त्यामुळें शाळेंतलें शिक्षण तुटकच झालें. त्याची खरी शाळा म्हणजे पुस्तकें, आणि त्यांत नेस्बिटबाईंचीं पुस्तकें अग्रगण्य. नवीन पुस्तक विकत घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'स्ट्रँड'चे मागील अंक एका पेनीस एक या भावानें मिळत. खाऊचे पैसे सांठवून तो ते गोळा करी. पण जुन्या अंकांचा भरंवसा काय? एका कथेचे मधलेच अंक मिळेनात. मुलें संकटांत सांपडलेलीं, आणि पुढचें प्रकरण हातीं नाहीं! या दुःखाची कल्पना ज्याला हप्त्याहप्त्यानें गोष्ट वाचण्याची संवय आहे त्यालाच येईल.

मग त्या मुलानें काय केलें, तें त्यानेंच पुढें १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें सांगितलें आहे. आईकडे भेटीस आलेल्या एका बाईंची पोंवळ्यांची माळ त्यानें चोरली, पांच शिलिंगांस गहाण टाकली आणि आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्यें जाऊन सबंध पुस्तक विकत आणलें. पांच शिलिंग म्हणजे त्या काळच्या दरानें आपले पावणेचार रुपये. याच स्टोअर्सच्या नांवाची जुनी इमारत मुंबईंत काळा घोडा भागांत अजून उभी आहे.

या गोष्टीकडे केवळ गंमत म्हणून पाहणें योग्य होणार नाहीं. चोरी ती चोरीच, आणि ज्या बाईंची माळ गेली त्यांच्या मनाला झालेल्या चुटपुटीची भरपाई कोणत्याहि पुस्तकानें होत नाहीं. परंतु मुलांना वळण लावण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनीं या प्रसंगाची दुसरी बाजूहि विचारांत घेतली पाहिजे. ज्या घरांत पुस्तक ही चैन समजली जाते, तेथें वाचनाची भूक मरत नाहीं. ती आडवाटेला लागते. गांवांत मुलांसाठीं चांगलें मोफत वाचनालय असणें किती अगत्याचें आहे, हें ती पोंवळ्यांची माळ शंभर व्याख्यानांपेक्षां अधिक चांगलें सांगते.

पुढें काळाचा फेरा उलटा फिरला. १९१४ सालीं ह्यूबर्ट ब्लँड वारले. नेस्बिटबाईंचें उत्पन्न आटलें. महायुद्धाच्या दिवसांत त्यांना आपल्या बागेंतील भाजी, फळें व अंडीं विकावीं लागलीं. १९१७ सालीं त्यांनीं टॉमस टकर या जहाजावरील एंजिनियराशीं पुनर्विवाह केला; सर्व मंडळी त्याला 'स्किपर' म्हणत. कांहीं वर्षांनीं मोठें घर सोडून उभयतां केंट परगण्यांतील रॉम्नी मार्श या समुद्रकांठच्या सखल, पाणथळ मुलखांत राहावयास गेलीं. तेथील निवास म्हणजे युद्धकाळांत लष्करी कामासाठीं बांधलेल्या दोन जुन्या झोंपड्या! एकीला 'लाँग बोट' आणि दुसरीला 'जॉली बोट' अशीं नांवें त्यांनीं दिलीं. दारिद्र्यांतहि खेळ मांडण्याची त्यांची हौस गेली नव्हती.

याच सुमारास सेंट मेरी इन् दि मार्श या जवळच्या खेड्यांत एक तरुण नाटककार लहानसें घर भाड्यानें घेऊन राहिला होता. त्याला अद्यापि कीर्ति लाभावयाची होती. आपल्या बालपणची देवता हाकेच्या अंतरावर राहते असें कळतांच तो भेटीस गेला. आवडत्या ग्रंथकाराची प्रत्यक्ष भेट पुष्कळदां निराशा करते. येथें तसें झालें नाहीं. पुस्तकांवरून जशी मनांत मूर्ति उभी राहिली होती तशीच ती विनोदी, करारी व प्रेमळ बाई निघाली. त्यानें माळेची हकीकत तिच्यापुढें कबूल केली. बाईंनीं रागें भरावयाचें, तर त्या खूषच झाल्या! त्यांच्याच कथांतील एखादा पोर मोठा होऊन अपराध सांगावयास आला होता, मग त्यांना राग कसा यावा?

४ मे १९२४ रोजीं नेस्बिटबाई निवर्तल्या. त्याच खेड्याच्या चर्चच्या आवारांत त्यांचें दफन झालें व स्किपरनें स्वतःच्या हातानें कोरलेली लांकडी खूण त्यांच्या थडग्यावर उभी केली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत 'दि व्हॉर्टेक्स' हें कॉवर्ड यांचें नाटक रंगभूमीवर आलें आणि ते एकदम प्रसिद्धीस पावले. पुढें 'हे फीव्हर', 'प्रायव्हेट लाइव्ह्ज', 'ब्लाइद स्पिरिट' अशा नाटकांनीं त्यांची कीर्ति दिगंतास पोंचली. परंतु नेस्बिटबाईंचीं पुस्तकें त्यांनीं कधीं माळ्यावर टाकलीं नाहींत. पन्नाशी उलटल्यावरहि तीं पुन्हा पुन्हा वाचल्याचें त्यांच्या रोजनिशीवरून दिसतें. नोएल स्ट्रेटफील्ड या लेखिकेनें १९५८ सालीं नेस्बिटबाईंवर पुस्तक लिहिलें, तेव्हां कॉवर्ड यांनीं तिला पत्रानें आपलें मत कळविलें: थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची हातोटी, आणि इंग्लंडच्या खेड्यांतील उन्हाळ्याचे तापलेले दिवस डोळ्यांपुढें उभे करण्याची शक्ति, या दोन गुणांत नेस्बिटबाईंना तोड नाहीं. स्वतः मोजके संवाद लिहिण्यांत निष्णात असलेल्या कारागिरानें दिलेला हा दाखला आहे. आपल्या कलेचा पहिला धडा कोठें मिळाला, हेंच जणूं त्यानें त्यांत सांगून टाकलें.

आतां उशाशीं असलेल्या त्या पुस्तकाकडे वळूं. 'मंतरलेला वाडा' यांत मुलें घरांत एक नाटक करतात. प्रेक्षक म्हणून दोनच माणसें. एवढ्यांवर खेळ कसा रंगावा? म्हणून मुलें जुने कोट, टोप्या, काठ्या व छत्र्या जोडून, कागदाचे चेहरे लावून खोटे प्रेक्षक खुर्च्यांवर बसवितात. हे जिवंत असते तर चांगल्या टाळ्या तरी मिळाल्या असत्या, असें एक मुलगी सहज बोलून जाते. तिच्या हातांत जादूची आंगठी असते. आणि हातमोज्यांच्या टाळ्यांचा दबका आवाज येऊं लागतो. मुलांची भीतीनें गाळण उडते.

ज्या पुरुषाचा सगळा जन्म टाळ्या ऐकण्यांत गेला, तो हें प्रकरण वाचतांना म्हातारपणीं मनाशीं काय म्हणत असेल? प्रेक्षकांच्या टाळ्या विरून गेल्या होत्या, पडदा अखेरचा पडावयाचा होता. आणि सोबतीला राहिलें तें जुनें पुस्तक. लहानपणीं पांच शिलिंगांसाठीं चोरलेल्या माळेचें पाप त्यानें फिटलें कीं नाहीं, याचा निवाडा वाचकांनीं करावा. नेस्बिटबाईंचें ऋण मात्र त्यानें जन्मभर निष्ठेनें वाचून फेडलें, यांत शंका नाहीं.