मोटार आपली कधी झाली?

दिवाळीत दारच्या नव्या मोटारीला हार घालताना एक प्रश्न सहसा सुचत नाही : ही घडली कुठे, आणि नुसती जोडली कुठे?

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीस कारखाना काढला, तो परदेशातून आलेले भाग जोडण्यासाठी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरची पहिली मोटार १९४७ मध्ये कुर्ल्यास निघाली. आरंभ तिनेही जोडणीनेच केला. पुढे मात्र एकेक भाग येथेच करीत तिने फियाट घडवली. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने नुसत्या जोडणीला आश्रय नाकारला आणि जनरल मोटर्सने लवकरच बिऱ्हाड आवरले. २००८ मध्ये ती तळेगावास आली. २०२० अखेर तिथलीही मोटार थांबली. कामगाराची चूल मात्र अशी उचलून नेता येत नाही!

टेल्कोच्या १९९८ च्या इंडिकाचे रूप इटालियनांच्या मदतीने रेखले गेले, पण ती घडली पिंपरीस. त्या घडणीचा पसारा आज मोशीपलीकडे कुरुळी, निघोजे, चाकणपर्यंत पोचला आहे. चाकणला फोक्सवॅगन, महिंद्रा. कुरुळीच्या बाजूस सुटे भाग करणारे. डाय बसवण्यात हात बसलेल्या कारागिराला दुसरे गिऱ्हाईक धरता येते. एकाच कंपनीचे भाग करणाऱ्या लहान कारखान्याची गोष्ट वेगळी. तिची ऑर्डर थांबली, की त्याचे यंत्रही थांबते.