जमालगोट्याचे तीन थेंब

जमालगोटा म्हटलं की मराठी माणसाला एकच गोष्ट आठवते: पोट पार रिकामं करून टाकणारं जालीम औषध. एरंडीच्या बीसारखंच दिसणारं, पण मळकट तपकिरी बी. वैद्य त्याला जयपाळ म्हणतात. ते तसंच कुणाला देत नाहीत. आधी टरफल काढायचं, दोन दळांमधली जिभली उपटून टाकायची, मग पुरचुंडीत बांधून ती दुधात लोंबकळत ठेवून उकळायची, तेव्हा कुठे त्याचा जहालपणा उतरतो. शुद्धी न केलेल्या बियांचं तेल हाताला लागलं तरी आग होते आणि फोड येतात.

याच तेलाचे मोजून तीन थेंब फ्लोरिडातल्या मायामी शहरात थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन या दोन प्लास्टिक सर्जननी आपल्या मिश्रणात घातले. ८८ टक्क्यांचं फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, पातळ साबणाचे ८ थेंब आणि जमालगोट्याच्या तेलाचे ३ थेंब. बेकर यांनी १९६१ मध्ये या पद्धतीबद्दल लिहिलं आणि पुढची चाळीसेक वर्षं चेहऱ्यावरच्या खोल सुरकुत्या काढण्याची ही जगभरातली प्रमाण कृती मानली गेली. आज नाक्यानाक्यावरच्या स्किन क्लिनिकच्या पाटीवर ‘केमिकल पील’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या इतिहासातलं हे सर्वांत दाहक पान. त्यातलं एक बी आपल्या ओळखीचं निघावं, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

पीलचा इतिहास सांगताना बहुतेक जण क्लिओपात्राच्या दुधाच्या स्नानापासून सुरुवात करतात. ती दंतकथा आहे. पक्कं एवढंच सांगता येतं की आंबलेल्या दुधात लॅक्टिक आम्ल असतं आणि ते १७८० मध्ये स्वीडनच्या कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने वेगळं काढलं. त्याच शीलेने त्याआधी टार्टारिक आम्ल शोधलं होतं, जे आपल्या चिंचेत असतं, आणि नंतर लिंबातलं सायट्रिक. दही, चिंच, लिंबू, सगळं त्याच्याच खाती जमा.

आपल्याकडचा जुना दाखला याहून जास्त बोलका आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारावर एक अख्खा अध्याय आहे. वनस्पतींची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून केलेला हा क्षार कोणकोणत्या विकारांवर लावावा याची यादी तिथे आहे. तिच्यात चामखीळ आहे, तीळ आहे, आणि ‘व्यंग’ही आहे, म्हणजे आपण ज्याला वांग म्हणतो तेच, गालावर आणि कपाळावर उमटणारे काळपट पट्टे. क्षार लावल्यावर शंभर अक्षरं उच्चारायला लागतील एवढा वेळ थांबायचं. जागा काळी पडली की काम झालं असं समजायचं. वाग्भटाने तर रंगही सांगितला आहे, पिकल्या जांभळासारखा. मग आंबट द्रव्य लावून क्षार शमवायचा, आणि आंबटाने तो का शमतो याचं कारणही ग्रंथकार देतो. द्रव्य लावणं, वेळ मोजणं, रंग पाहणं, उतारा देणं, हे चारही टप्पे आजच्या पीलमध्ये तसेच आहेत. फक्त बाजू उलटली. तेव्हा क्षार लावून आम्लाने शमवत, आता ग्लायकॉलिक आम्ल लावून सोड्याच्या पाण्याने शमवतात.

म्हणून आजचं पील सुश्रुताकडून आलं असं मात्र म्हणता येत नाही. दोन प्रवाह वेगळे आहेत. दोन्हीकडच्या वैद्यांनी त्वचेकडे तितक्याच बारकाईने पाहिलं, एवढंच त्यांच्यातलं नातं.

आजच्या पीलचा प्रवाह सुरू होतो डांबराच्या पिंपातून. १८३४ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी दगडी कोळशाच्या डांबरातून एक आम्ल वेगळं केलं. तेच कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर ते वापरलं आणि निर्जंतुक शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. त्वचेचे डॉक्टर मात्र या द्रव्याकडे दुसऱ्या नजरेने पाहत होते. व्हिएन्नाचे फर्डिनांड फॉन हेब्रा चेहऱ्यावरचे डाग घालवण्यासाठी फिनॉल आणि जमालगोट्याचं तेलही वापरत. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तेल भारतातून युरोपच्या औषधशास्त्रात नेलं होतं. आधी जुलाबासाठी, मग कातडीवर मुद्दाम फोड आणून आतलं दुखणं बाहेर ओढण्यासाठी.

या सगळ्याला शिस्त लावली हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उना यांनी. १८८२ मध्ये त्यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे डॉक्टर ज्याला टीसीए म्हणतात ते, यांचा त्वचेवरचा परिणाम लिहून ठेवला. उना सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचे थर पाहणारे माणूस. कोणतं द्रव्य किती खोल जातं, हा प्रश्न त्यांच्यामुळे मध्यभागी आला आणि पीलचं सगळं शास्त्र आजही त्याच एका प्रश्नावर उभं आहे. सर्वांत वर मेलेल्या पेशींचा पापुद्रा, त्याखाली जिवंत बाह्यत्वचा, तिच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी आणि त्याखाली दोऱ्यांच्या विणीसारखी आतली त्वचा. वरवरचं पील बाह्यत्वचेत थांबतं, मध्यम पील आतल्या त्वचेच्या वरच्या भागाला स्पर्श करतं, खोल पील तिच्या मध्यापर्यंत पोचतं. जितकं खोल जावं तितकी नवी कातडी घट्ट येते, आणि तितकाच व्रणाचा धोका वाढतो.

न्यूयॉर्कचे जॉर्ज मॅकी १९०३ पासून मुरमांच्या खड्ड्यांवर फिनॉल वापरत होते. त्यांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला तो थेट १९५२ मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षं ही विद्या डॉक्टरांपेक्षा दुसऱ्याच लोकांनी पोसली.

ते लोक म्हणजे लॉस एंजेलिस आणि फ्लोरिडातले ‘पीलर’. वैद्यकाची पदवी नसलेले, आणि त्यात बऱ्याच बायका. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या दारूने भाजलेल्या कातडीवर फिनॉल लावणाऱ्या एका फ्रेंच डॉक्टरची ही युक्ती त्याच्या मुलीने अमेरिकेत नेली, अशी हकिकत सांगितली जाते. चित्रपटसृष्टीने तरुण चेहऱ्यांची मागणी निर्माण केली होती आणि या बायकांकडे ती पुरवणारी बाटली होती. कृती गुप्त. एकीची दुसरीला ठाऊक नाही. काही चेहरे खरोखर उजळले, काही कायमचे विद्रूप झाले आणि काही प्रकरणं कोर्टात गेली. त्यांच्या हातून झालेलं नुकसान पुसून टाकता येत नाही. पण त्यांचं निरीक्षण पक्कं होतं, हेही तितकंच खरं.

प्लास्टिक सर्जनांनी १९६० च्या आसपास ही विद्या उचलली ती याच बाटल्यांमधून. मायामीत मिश्रण लावल्यावर चेहऱ्यावर पाण्याला दाद न देणारी चिकटपट्टी मुखवट्यासारखी बसवत आणि ४८ तासांनी सोलून काढत. फिनॉल कातडीतून रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. म्हणून चेहऱ्याचे भाग पाडायचे, दोन भागांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवायची, अशी पद्धत पडली.

या सगळ्या काळात डॉक्टरांची समजूत अशी की काम करतं ते फिनॉल. तीव्र फिनॉल वरची प्रथिनं गोठवून स्वतःचीच वाट अडवतं, पातळ केलेलं फिनॉल मात्र खोल मुरतं, असं शिकवलं जाई. जमालगोट्याचे थेंब नुसते सोबतीला. लास व्हेगसच्या ग्रेगरी हेटर यांना हे पटेना. २००० मध्ये त्यांनी चार लेखांची मालिका लिहिली. एका लेखात त्यांनी त्या जुन्या पीलर बायकांच्या कृती धुंडाळल्या, तर दुसऱ्यात फिनॉल आणि तेल यांचं प्रमाण बदलत चेहऱ्यांवर काय फरक पडतो ते नोंदवलं. निष्कर्ष साधा होता. खोली ठरवतं ते जमालगोट्याचं तेल. तेल कमी केलं की जखम लवकर भरते, वाढवलं की पील खोल जातं. तीन थेंब म्हणजे त्या एवढ्याशा मिश्रणात दोन टक्क्यांच्या घरातलं प्रमाण, आणि तेच फार होतं. चाळीस वर्षं सगळे थेंब मोजत होते, पण त्या थेंबांचं काम फारसं कुणी तपासलं नव्हतं. आपल्या वैद्यांना हे बी किती जहाल आहे ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ज्या बीला दुधात उकळल्याशिवाय कुणी हात लावत नाही, ते सोबतीपुरतं कसं असेल?

आणि तरीही हे पील आपल्या कातडीचं नव्हे. खोल फिनॉल पीलनंतर कातडीतला रंग कायमचा उडू शकतो. गोऱ्या चेहऱ्यावर ते खपून जातं, सावळ्या चेहऱ्यावर हनुवटीखाली रेघ मारल्यासारखं दिसतं. आपल्या कातडीचा दुसरा स्वभाव याच्या बरोबर उलटा आहे. तिला कुठेही इजा झाली की ती काळी पडते. मुरूम दाबल्यावर राहणारा डाग महिनोन्‌महिने जात नाही, हे घराघरात माहीत आहे. चुकीच्या हाताने केलेलं पील म्हणजे एका मुरमाऐवजी अख्ख्या गालाला तीच इजा.

शास्त्राने या कातडीची दखल फार उशिरा घेतली. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाने कातडी किती भाजते आणि किती रापते यावरून प्रकार पाडले. सुरुवातीला ते चारच होते आणि चारही गोऱ्यांचे. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा प्रकार मागाहून जोडले गेले. भारतातली बहुसंख्य माणसं आज चौथ्या-पाचव्या प्रकारात मोजली जातात, म्हणजे मूळ तक्त्यात त्यातल्या अनेकांना जागाच नव्हती. १९९९ मध्ये पर्ल ग्राइम्स या अमेरिकी डॉक्टरने गडद वर्णाच्या २५ रुग्णांवर २० आणि ३० टक्क्यांच्या सॅलिसिलिक आम्लाचं पील करून ते सुरक्षितपणे करता येतं हे दाखवलं. पंचवीस हा आकडा लहान वाटतो, पण ज्यांच्याविषयी पुस्तकात फक्त ‘टाळा’ लिहिलेलं असे, त्यांच्यासाठी तो दरवाजा होता.

सौम्य आम्लांची वाट त्याआधीच मोकळी झाली होती. फिलाडेल्फियाचे यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ मध्ये माशाच्या खवल्यांसारखी कातडी होणाऱ्या रुग्णांवर फळांतली, दुधातली आणि उसातली आम्लं वापरून पाहिली. योग्य प्रमाणात ही आम्लं कातडी जाळत नाहीत. मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल करतात आणि पापुद्रा आपोआप सुटतो. आज क्लिनिकमध्ये जे ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक पील होतं ते या वाटेचं. घरी गालावर लिंबू चोळणं मात्र यात बसत नाही. त्या फोडीत आम्ल किती, ते थांबवायचं कधी, काहीच हातात नसतं, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून डाग पडतात ते वेगळेच.

२००८ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पीलसाठी मार्गदर्शक नियम छापले. भारतीय त्वचेवर खोल पील करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे, आणि पीलआधी दोन ते चार आठवडे त्वचेची तयारी करून घ्यायला सांगितलं आहे. दुसरीकडे बाटल्या पुन्हा पीलरांच्या काळासारख्या मोकळ्या सुटल्या आहेत. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला लोकांना बजावावं लागलं की तीव्र आम्लांची पील विकत घेऊन घरी स्वतःच्या चेहऱ्यावर लावू नका.

नीट चालणाऱ्या क्लिनिकमध्ये वांगासाठी आलेल्या बाईला डॉक्टर आधी विचारतात, लग्नकार्य कधी आहे? पंधरा दिवसांवर असेल तर पील होत नाही. मग उन्हाचं मलम सुरू होतं, रात्रीचं औषध सुरू होतं, आणि काही आठवड्यांनी ती खुर्चीत बसते. डोळ्यांच्या कडांना, नाकपुड्यांना, ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलिन. चेहरा पुसून कोरडा. कपाळापासून ब्रश फिरू लागतो, शेजारी छोटा पंखा, हातात घड्याळ. मुंग्या आल्यासारखं होतं, मग चुरचुरतं. सहायिका दर मिनिटाला विचारते, “ताई, दहापैकी किती?” गाल लालसर दिसू लागला की सोड्याच्या पाण्यात भिजवलेला बोळा फिरतो आणि थोडा वेळ बारीक फेस येतो. घरी गेल्यावर दोन दिवस कातडी नुसती ताठ वाटते. तिसऱ्या दिवशी सकाळी हसताना ओठांच्या कडेला पापुद्रा सुटतो, कांद्याच्या सालीइतका पातळ, आणि बोट आपसूक तिकडे जातं. तो ओढायचा नसतो. खाली अजून तांबूस असलेल्या कातडीला आणखी दोन दिवस हवे असतात.