दादरची चादर, मालेगावची बैलगाडी

दादरच्या मुख्य रस्त्यावरच्या मथुरा भवनाच्या आवारात १९१२ साली ऊन वाया जात नसे. सूर्य डोक्यावर आला की नटांच्या डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडत. मग सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर घेऊन उभ्या राहत. चादरीवर पडलेलं ऊन उलटून चेहऱ्यावर जाई आणि सावली पुसट होई. हात अवघडले तरी चादर हलवायची नाही. ती हलली की चेहऱ्यावरचा उजेडही हलणार.

‘राजा हरिश्चंद्र’ बनवण्यासाठी त्यांचे पती दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, फेब्रुवारी १९१२मध्ये बोटीनं लंडन गाठलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन ते एप्रिलमध्ये परतले, ही हकिकत अनेकांना ठाऊक असते. पुढचं मात्र घरातच घडलं. कॅमेरा नीट चालतो का, हे पाहायला त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठरावीक वेळानं एकेक फ्रेम टिपत त्याचा वेल वाढताना दाखवला. पैसे देणाऱ्यांची खात्री पटली ती याच फिल्ममुळे. जिवंत नट नाही, सेट नाही, दिवे नाहीत. एक कुंडी आणि खिडकीतला उजेड एवढ्या भांडवलावर पुढचं भांडवल उभं राहिलं.

त्या काळची कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडताच येई. कॅमेऱ्याचे दाते अडकायला जी भोकं लागतात, ती आपणच यंत्रावर पाडून घ्यायची. फिल्मला उजेड लागला तर सगळंच वाया, म्हणून हे काम अंधारात चाले आणि सरस्वतीबाईंनी ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. हिशेब मांडला की डोळे विस्फारतात. एका फुटात सोळा फ्रेम, प्रत्येक फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोकं, म्हणजे फुटाला १२८. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. पडद्यावर गेलेल्या तेवढ्याच फिल्मची भोकं पावणेपाच लाखांच्या घरात जातात. कापून टाकलेली फिल्म वेगळीच. शिवाय फिल्म धुण्याची रसायनं मिसळायची आणि चित्रीकरणाला जमलेल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. फाळके भारतीय चित्रपटाचे जनक ठरले ते योग्यच, पण प्रकाशयोजनाकार, लॅबप्रमुख आणि भटारखाना अशी तीन खाती सांभाळणाऱ्या बाईंचं नाव त्यांच्या शेजारी फार उशिरा घेतलं जाऊ लागलं.

फाळक्यांची सुरुवात पाहण्यातून झाली. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर ते मिळतील ते खेळ पाहत सुटले. इतके, की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती. पाहणाऱ्यानं दाखवण्याचं यंत्र समजून घ्यायचं आणि मग स्वतः बनवायला लागायचं, हा क्रम महाराष्ट्रात पुन्हापुन्हा दिसतो.

कोल्हापुरात तर तो अक्षरशः घडला. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवत. नवा कॅमेरा विलायतेहून मागवण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर मिळवला. यात वेडेपणा वाटतो तेवढा नव्हता. प्रोजेक्टर फिल्म क्षणभर थांबवून तिच्यातून उजेड बाहेर फेकतो. कॅमेराही ती तशीच थांबवतो, फक्त उजेड आत घेतो. म्हणजे प्रोजेक्टर समजला की निम्मा कॅमेरा समजला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामले वगैरे सहकाऱ्यांना हाताशी धरून काम चालू ठेवलं आणि १९१८च्या सुमारास त्यांचा देशी कॅमेरा फिरू लागला. कंपनी उभी करायला पैसे दिले ते गायिका तानीबाई कागलकरांनी. ‘सैरंध्री’ १९२०मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. पुढे ‘सिंहगड’साठी, १९२३ साली, बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रण केलं. सूर्य मावळला की काम थांबवायचं, हे बंधन तिथे सैल झालं.

पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर फाळक्यांनी आपलं बस्तान नाशिकला हलवलं. त्याच जिल्ह्यात, नाशिकहून आग्रा रोडनं शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. यंत्रमागांचं गाव. माग शुक्रवारी बंद असतात आणि शुक्रवार हाच इथे सिनेमाचा वार. शेख नासिर इथे व्हिडिओ पार्लर चालवत. कॅसेट लावायची आणि टीव्हीसमोर बसलेल्यांना दाखवायची, हा त्यांचा धंदा. चित्रं कशी जोडली की लोक हसतात आणि कुठे लांबली की चुळबुळ करतात, हे त्यांना खुर्च्यांच्या रांगेमागे उभं राहून कळलं. पेंटर बंधूंनी प्रोजेक्टर उघडून पाहिला, नासिरनी प्रेक्षक वाचला.

२०००च्या सुमारास त्यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला. खर्च पन्नास हजारांच्या आसपास. नट गावातलेच, कॅमेरा व्हिडिओचा. ट्रॉली म्हणून सायकल, तर क्रेन म्हणून बैलगाडी: जू वर-खाली केलं की कॅमेरा धरून बसलेला माणूस अलगद वर जातो किंवा खाली येतो. बैलगाडीचं जू आणि क्रेन एकाच तरफेवर चालतात, फरक भाड्याचा. घोडे परवडेनात म्हणून या शोलेतले डाकू सायकलींवर आले. लोक पोट धरून हसले, पण या चित्रपटाकडे नुसती नक्कल म्हणून पाहणं अन्यायाचं आहे. सायकलवरचा गब्बर पाहणाऱ्याला गाव आपलंच वाटतं, आणि मुंबईच्या कुठल्याही मोठ्या बॅनरला ते साधलेलं नव्हतं.

मग नासिरनी सुपरमॅन हाती घेतला. फैझा अहमद खान यांनी त्या चित्रीकरणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. २०२५मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ही याच मंडळींवर आला, पण आधी पाहावा तो माहितीपट. एका प्रसंगात कॅमेरा पाण्यात पडतो. एकुलता एक कॅमेरा. सगळ्यांचे चेहरे क्षणात उतरतात. इथे विमा नाही की दुसरा कॅमेरा नाही. तो दुरुस्त होईपर्यंत थांबायचं आणि पुन्हा उभं राहायचं.

सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा, अंगानं अगदी किडकिडीत. त्याला उडवायचं कसं? हिरव्या कापडापुढे आडवा धरायचा, संगणकावर हिरवा रंग तेवढा काढून टाकायचा आणि त्या जागी आकाश भरायचं. चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून पांढरी चादर धरणाऱ्या सरस्वतीबाईंनंतर सुमारे शंभर वर्षांनी मालेगावात पुन्हा एक कापड ताणून धरलं गेलं. या सुपरमॅनचं वैर होतं गावाला लागलेल्या तंबाखूशी. माहितीपट २०१२मध्ये चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक नव्हता. आदल्या वर्षी कर्करोगानं त्याला नेलं होतं. पडद्यावर तो निळ्या-लाल कपड्यांत, दोन्ही हात पुढे करून, मालेगावावरून उडत होता.